लाल औषधाचा हिशेब

"एकूण किती मिळालं होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सहा वेळा," मी म्हणाले.

"किती वेळा ते नको. मिलिग्रॅम सांगा."

२०२४ चा जून. पुण्यातला दवाखाना. मला नववा आठवडा लागला होता आणि पहिल्या तपासणीला आले होते. फॉर्मवर 'पूर्वीचे आजार' या रकान्यात मी लिहिलं होतं : २००९, ऑस्टिओसार्कोमा, डावा पाय. म्हणजे हाडाचा कॅन्सर. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, सांगलीत नववीत. उपचार मुंबईला झाले. गुडघ्याजवळचं मांडीचं हाड कापून तिथे धातूचा सांधा बसवला. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मिळून केमोच्या सहा सायकल झाल्या. मग काही वर्षं तपासण्या, मग कॉलेज, नोकरी, लग्न. माझ्यापुरता तो विषय मिटला होता.

डॉक्टरबाईंना माझ्या पायात फारसा रस नव्हता, हृदयात होता. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं आणि तेवढं जास्तीचं काम हृदयावर पडतं. "लाल औषध मिळालेल्या मुलींचा आम्ही आधी इको करून घेतो. आणि आयुष्यभरात एकूण किती डोस गेला ते बघतो," त्या म्हणाल्या. "फाइल आहे ना?"

फाइल नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या तळमजल्यात छातीपर्यंत आलं, तेव्हा कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती ती. पाणी ओसरल्यावर लगदा हातात आला. ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथे फोन केला. इतकं जुनं रेकॉर्ड शोधायला वेळ लागेल, मिळेलच असं नाही, असं उत्तर आलं.

त्या रात्री झोप लागली नाही. पंधरा वर्षांपूर्वी शिरेतून गेलेल्या औषधाचा आज हिशेब का लागावा? पॅरासिटामॉल कालची आज उरत नाही. मग हे औषध कुठे जाऊन बसलं होतं? मी वाचायला लागले. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा गोषवारा आहे.

०००

माझं लाल औषध मातीतून आलेलं आहे, आणि ती माती कुठली तेही माहीत आहे. इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुलिया प्रांत. तिथे एका टेकडीवर तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने बांधलेला कास्तेल देल मोंते नावाचा अष्टकोनी किल्ला आहे. इटलीच्या एक सेंटच्या युरो नाण्यावर त्याचं चित्र असतं. १९५० च्या दशकात मिलानच्या फार्मइतालिया कंपनीचे संशोधक गावोगावची माती गोळा करत होते. स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूंपासून मिळालं होतं, तेव्हा मातीत आणखी काय काय दडलंय याचा शोध जगभर चालला होता. या किल्ल्याच्या परिसरातल्या मातीत एक जिवाणू सापडला. तो माणकासारखं लालभडक रंगद्रव्य तयार करत होता, आणि ते द्रव्य उंदरांमधल्या गाठींवर चालत होतं.

त्याच सुमारास फ्रान्समधल्या एका गटालाही तेच द्रव्य मिळालं. दोघांनी मिळून नाव ठेवलं डॉनोरुबिसिन. रोमनांच्याही आधी पुलियात राहणाऱ्या 'डॉनी' नावाच्या जमातीवरून 'डॉनो', आणि माणकाच्या फ्रेंच नावावरून 'रुबि'. पुढे मिलानच्या लोकांनी त्या जिवाणूत मुद्दाम बदल घडवून आणला, तेव्हा त्याने जवळपास तसंच, पण जास्त प्रकारच्या गाठींवर चालणारं द्रव्य दिलं. शेजारच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन म्हणू लागले. आजचं डॉक्सोरुबिसिन ते हेच. अमेरिकेत १९७४ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

पुलियाचं नाव केमोथेरपीच्या इतिहासात त्याआधीही एकदा येतं. किल्ल्यापासून फार लांब नसलेल्या बारी बंदरावर २ डिसेंबर १९४३ ला जर्मन विमानांनी बाँबहल्ला केला. तिथे उभ्या असलेल्या 'जॉन हार्वी' या अमेरिकी जहाजात गुप्तपणे मस्टर्ड वायूचे बाँब आणलेले होते. जहाज फुटलं, वायू पाण्यात आणि हवेत मिसळला. आजारी खलाशांना नेमकं काय झालंय हे शोधायला पाठवलेले डॉक्टर स्ट्युअर्ट अलेक्झांडर यांच्या लक्षात आलं की या लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने नाहीशा होत आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी येल विद्यापीठात मस्टर्डच्या भावंडातलं एक रसायन कॅन्सरच्या रुग्णाला देऊन पाहिलं होतं, पण युद्धामुळे ते गुपित होतं. केमोथेरपीची सुरुवात अशी विषातून झाली. त्यामुळे विष किती द्यायचं, हा प्रश्न तिला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे.

०००

पण 'किती' म्हणजे एका वेळी किती, असंच आधी सगळे समजत होते. डोस दिला, पांढऱ्या पेशी कोसळल्या, तीन आठवड्यांत पुन्हा वर आल्या, पुढचा डोस दिला. केस गेले, केस आले. शरीर दर वेळी पाटी पुसून कोरी करतं, अशी समजूत होती.

लाल औषधाने ती समजूत मोडली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काही रुग्णांमध्ये विचित्र गोष्ट दिसू लागली. कॅन्सर आटोक्यात, रक्त ठीक, आणि अचानक धाप लागते, पाय सुजतात, हृदय थकतं. यातली पुष्कळ माणसं गेली. पहिल्या, दुसऱ्या डोसनंतर असं सहसा होत नव्हतं. होत होतं ते बऱ्याच डोसनंतर. १९७३ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एड्रियामायसिन मिळालेल्या ३९९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. प्रत्येकाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिळालेलं सगळं औषध त्यांनी बेरजेत मांडलं. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे एकूण ५५० मिलिग्रॅमच्या पलीकडे गेलं की हृदय बंड करतं, असं त्या बेरजेतून निघालं.

हे चौरस मीटर प्रकरण थोडक्यात सांगते, कारण पुढे लागणार आहे. केमोचा डोस बहुतेकदा नुसत्या वजनावर न देता, उंची आणि वजनावरून शरीराच्या पृष्ठभागाचा अंदाज काढून त्यावर देतात. १५० सेंटिमीटर उंचीच्या, ४० किलोच्या मुलीचा पृष्ठभाग साधारण १.३ चौरस मीटर भरतो. ती मुलगी म्हणजे २००९ मधली मी.

१९७९ मध्ये डॅनियल व्हॉन हॉफ आणि सहकाऱ्यांनी हीच बेरीज ४,०१८ रुग्णांवर करून पाहिली. त्यातल्या ८८ जणांचं हृदय निकामी झालं होतं. एकूण डोस ४०० झाला तेव्हा शंभरातल्या तिघांना, ५५० ला सात जणांना आणि ७०० ला अठरा जणांना हा त्रास होतो, असं त्यांचं गणित होतं. पुढे, २००३ मध्ये, जास्त बारकाईने केलेल्या पाहणीत ५५० चा आकडा शंभरात सव्वीसवर गेला. म्हणजे ५५० ही काही लक्ष्मणरेषा नव्हती. अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे धोका, असं हृदयाने कधीच कबूल केलेलं नव्हतं. चढण पहिल्या थेंबापासूनच होती. ५५० च्या आसपास ती अंगावर येत होती, एवढंच.

याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा स्टॅनफर्डच्या मार्गारेट बिलिंगहॅम यांनी दिला. हृदय-प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी तेव्हा एक तंत्र निघालं होतं : मानेतल्या शिरेतून बारीक चिमटा हृदयात उतरवायचा आणि स्नायूचा कण काढून आणायचा. बिलिंगहॅम यांनी ते लाल औषध घेणाऱ्यांवर वापरलं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते असं : ज्यांना काहीच त्रास नाही, जे जिने चढतात, त्यांच्याही हृदयाच्या पेशींमध्ये पोकळ्या पडल्यात, स्नायूंचे धागे विरलेत, आणि जसजसा एकूण डोस वाढतो तसतसं हे वाढत जातं. तक्रार सुरू व्हायच्या कितीतरी आधी हृदयाची खतावणी भरत आलेली असते.

०००

मग माझा मूळ प्रश्न. साचतं ते नेमकं काय?

डे-केअरमधली एक आठवण आहे. लाल औषध मिळालं की पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी लाल-नारिंगी होते. पहिल्यांदा मी घाबरून ओरडले तेव्हा आई म्हणाली, "बघ, निघून चाललंय सगळं." मला ते फार पटलं होतं. मी भांडंभर पाणी प्यायचे, लवकर निघून जावं म्हणून.

आईचं म्हणणं थोडंच खरं होतं. पाच दिवसांत या औषधाचा ५ ते १२ टक्के भागच लघवीतून जातो. साधारण ४० टक्के यकृतामार्गे पित्तात उतरतो. औषध रक्तात फार वेळ थांबत नाही, काही मिनिटांत ते पेशींमध्ये शिरतं, कारण डीएनएच्या जिन्यात पायऱ्यांच्या मध्ये अडकून बसायचा त्याचा स्वभाव आहे. तिथून ते सावकाश सुटतं. रक्तात उरलेलं प्रमाण निम्मं व्हायलासुद्धा शेवटी शेवटी २० ते ४८ तास लागतात. तरी पुढची सायकल तीन आठवड्यांनी असते. तोवर मूळ औषध जवळपास गेलेलं असतं.

जाताना ते रूप बदलतं. शरीरातली काही एन्झाइमं त्याच्या रेणूत छोटासा फेरफार करून त्याचं एक अल्कोहोल बनवतात. पिण्याच्या दारूशी याचा संबंध नाही. रसायनशास्त्रातलं हे एका कुळाचं नाव आहे. या बदललेल्या रूपाला डॉक्सोरुबिसिनॉल म्हणतात. हा फेरफार यकृतात होतो तसा हृदयाच्या स्नायूतही होतो. तिथे तयार झालेला डॉक्सोरुबिसिनॉल मूळ औषधाइतक्या सहज पेशीच्या भिंतीतून बाहेर पडत नाही. प्राण्यांमध्ये डोसामागून डोस देताना तो हृदयात साचत गेल्याचं दिसलं. १९८८ मध्ये सशाच्या हृदयाच्या स्नायूवर केलेल्या प्रयोगांत मूळ औषधापेक्षा हा अल्कोहोलच स्नायूचं आकुंचन जास्त जोरात रोखतो, असं आढळलं. ज्या कॅल्शियमच्या येण्या-जाण्यावर प्रत्येक ठोका चालतो, त्याच्या पंपांमध्ये तो अडथळा आणतो. एपिरुबिसिन हे या औषधाचं भावंड. त्याच्यापासून हृदयात असं अल्कोहोल कमी बनतं, आणि त्याची आयुष्यभराची मर्यादा बरीच वर, ९०० च्या आसपास धरतात.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. पंधरा वर्षांनी माझ्या हृदयात तो अल्कोहोलही बसून राहिलेला नाही. २०१२ मध्ये, पुन्हा ह्यूस्टनमध्येच, आणखी एक दुवा मिळाला. डीएनएचे पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज नावाच्या प्रथिनाचे दोन प्रकार असतात. कॅन्सरच्या वेगाने वाढणाऱ्या पेशींमध्ये त्यातला अल्फा भरपूर असतो. औषधाचा नेम त्याच्यावर. हृदयाच्या पेशींमध्ये बीटा असतो, आणि औषध त्यालाही धरतं. ज्या उंदरांच्या हृदयातून हा बीटा काढून टाकला, ती या औषधापासून बरीच वाचली. बाकीच्यांच्या पेशींमध्ये डीएनए तुटलं आणि पेशींना ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया बिघडली.

म्हणजे औषध जातं, जखम राहते. ती भरून का येत नाही? रक्ताच्या, केसांच्या, आतड्याच्या पेशी नव्याने बनतात, म्हणून केस परत येतात. हृदयाच्या स्नायूपेशी जवळपास बनतच नाहीत. हे मोजलं गेलं तेही एका वेगळ्या विषाच्या साह्याने. १९५० आणि ६० च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांनी हवेत किरणोत्सारी कार्बन वाढवला. तो झाडांत, अन्नात आणि आपल्या डीएनएत उतरला. स्टॉकहोमच्या संशोधकांनी २००९ मध्ये त्या कार्बनवरून हृदयाच्या पेशींचं वय काढलं : पंचविशीत वर्षाला जेमतेम एक टक्का पेशी बदलल्या जातात, म्हातारपणी त्याच्याही निम्म्याहून कमी. दर सायकलला जे गेलं त्यातलं फार थोडं परत आलं. सहा सायकलींची बेरीज झाली ती इथे. हृदयासाठी 'साचणं' म्हणजे नुकसान साचणं.

०००

माझ्या दुसऱ्या औषधाची, सिसप्लॅटिनची, गोष्ट उलटी आहे. तिथे वस्तूच उरते.

१९६५ मध्ये मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्रात जिवाणू कसे वाढतात ते पाहत होते. जिवाणू विभागले जायचे थांबले आणि शेवयांसारखे लांबच लांब झाले. कारण वीज नव्हतीच. इलेक्ट्रोडमधला प्लॅटिनम पाण्यात विरघळून त्याचं एक संयुग बनलं होतं, ते कारण होतं. त्यातून सिसप्लॅटिन आलं. अंडकोषाच्या कॅन्सरमध्ये पसरलेला रोगही त्याने बरा होऊ लागला, आणि तरुण मुलं पुढे वीस-तीस वर्षं जगू लागली. त्यामुळेच मागाहून तपासणं शक्य झालं. २००० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी अशा बरे झालेल्या पुरुषांचं रक्त तपासलं, तर उपचारांना दहाहून अधिक वर्षं लोटल्यावरही त्यात प्लॅटिनम फिरत होतं. धातू आहे तो; त्याला मोडणारं एन्झाइम शरीराकडे नाही.

कानात तर तो घरच करतो. २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की बहुतेक अवयवांतून सिसप्लॅटिन काही दिवसा-आठवड्यांत कमी होतं, पण कानाच्या आतल्या शंखात ते महिनोन् महिने, वर्षानुवर्षं राहतं. उंदरांमध्ये हे दिसलं आणि मृत्यूनंतर तपासलेल्या माणसांच्या कानांतही. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज.

मला रातकिडे ऐकू येत नाहीत. कॉलेजात असताना कोकणात सहलीला गेलो होतो, रात्री सगळ्या मैत्रिणी म्हणाल्या, "काय किर्र आवाज आहे गं," आणि मला वाटलं, केवढी शांतता आहे. माझं लक्ष नसतं, असं घरचे वर्षानुवर्षं म्हणत आले. २०२४ पर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

०००

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. औषध काय करतं हे आधी कळलं, ते काय मागे ठेवतं हे फार उशिरा. कारण मागे काय राहिलं हे पाहायला माणूस मागे राहावा लागतो. १९९१ मध्ये बॉस्टनचे स्टीव्हन लिपशुल्ट्झ यांनी लहानपणी ल्युकेमियातून बऱ्या झालेल्या ११५ मुलांची हृदयं तपासली. ही सगळी बरी झालेली, शाळेत जाणारी मुलं. निम्म्याहून जास्त, ५७ टक्के मुलांच्या हृदयात काही ना काही दोष निघाला. चार वर्षांनी त्यांनीच दाखवलं की तेवढ्याच डोसने मुलींच्या हृदयाला मुलांपेक्षा जास्त इजा होते. लहान हृदय पुरेशा पेशींविना मोठ्या शरीराबरोबर वाढतं आणि गरोदरपणासारखी चढण आली की दमतं. म्हणून उपचार संपल्यानंतरचा पाठपुरावा हा वेगळाच विषय झाला. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी खास क्लिनिक १९९१ पासूनच आहे. आज एकूण डोस २५० किंवा त्याहून जास्त असलेल्यांना जास्त जोखमीच्या गटात धरतात, मग ती व्यक्ती कितीही ठणठणीत असो.

मला माझा आकडा हवा होता तो म्हणून.

आईला फोन केला. फाइल गेली हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, "फाइल गेली, पण वही आहे की. फडताळात वरच्या खणात. पाणी तिथवर कुठलं आलं."

ती दुधाच्या हिशेबाची वही होती. मुंबईला जाताना आईने तीच पिशवीत टाकली होती, आणि नर्सने बाटली लावताना जे मोठ्याने वाचलं ते दर वेळी लिहून ठेवलं होतं. का लिहिलंस, विचारलं तर म्हणाली, "तुझ्या अंगात काय घालतायत ते मला कळत नव्हतं. लिहून तरी ठेवावं म्हटलं." पाच ठिकाणी 'लाल – ९८' असं होतं. पाचव्या सायकलला 'लाल – ७२, तोंड आल्यामुळे कमी'. त्या वेळी आठ दिवस मला पाणीही गिळता येत नव्हतं, ते तेव्हा आठवलं.

पाच गुणिले ९८, अधिक ७२. पाचशे बासष्ट मिलिग्रॅम. अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडं जास्त; चमच्याच्या टोकावर मावेल एवढं. भागिले १.३. उत्तर आलं ४३२.

डॉक्टरबाईंनी वहीचा फोटो पाहिला, स्वतः पुन्हा भागाकार केला आणि माझ्या नव्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने तो आकडा लिहिला. इको झाला. हृदय दर ठोक्याला भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर टाकतं ते मोजतात. माझं ५५ टक्के आलं. ठीक आहे, म्हणाल्या, पण ठीकच्या खालच्या कडेला आहे. तेव्हा दर काही आठवड्यांनी इको, आणि बाळंतपणाच्या वेळी हृदयाचे डॉक्टर हजर. सगळं तसंच झालं. मुलगी आता एक वर्षाची होऊन गेलीय. माझा इको दर वर्षी असतो, आणि तो आयुष्यभर असेल.

तुमच्या घरात कुणाची केमो झाली असेल, विशेषतः लहानपणी, तर औषधांची नावं आणि प्रत्येकाचा एकूण डोस आजच विचारून घ्या. रुग्णालयाकडून एका कागदावर लिहून मागा, फोटो काढा, फोनमधल्या आणीबाणीच्या माहितीत टाका. ती बेरीज शरीराकडे असते, पण शरीर ती वाचून दाखवत नाही. दाखवतं तेव्हा उशीर झालेला असतो.

वही आता माझ्याकडे आहे. आईने दिली, पण आधी शेवटची पानं चाळून पाहिली. तिथे २००९ च्या दिवाळीच्या महिन्याचं दुधाचं बिल लिहिलेलं आहे आणि त्यापुढे 'बाकी' असं. आम्ही तेव्हा मुंबईत होतो. "हे द्यायचं राहिलं का गं?" ती मलाच विचारत होती.